डोळ्यांदेखत

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पहाटे आमच्या वाडीच्या टोकाला जे घडलं ते आधी लिहून काढते. दुपारपर्यंत गावात त्याच्या चार गोष्टी झाल्या आहेत, उद्या चौदा होतील.

चिकूला पाणी सोडायचं म्हणून मी उजाडायच्या आधी मोटर चालू करायला खाडीकडे गेले. मोटरघराशी पोचते तोच उग्र वास नाकात शिरला, सडकी अंडी रॉकेलमध्ये बुडवल्यासारखा. कुंपणापलीकडे बांधावर टँकर मागे येत होता. "कुंपणाला लावू नको," असं कुणीतरी ड्रायव्हरला म्हणालं. मग खाडीत काहीतरी धो धो पडायला लागलं. तेवढ्यात पाण्यातून दादूची हाक आली, "ए, काय टाकता रे? कोण हाय?" दादू म्हणजे आमच्या पलीकडच्या मांगेलआळीतला, त्याची होडी तिथेच असते. हाक ऐकून टँकर सुसाट निघून गेला. असल्या कामातसुद्धा माझ्या कुंपणाची काळजी घेणारा माणूस म्हणजे सज्जनच म्हणायचा!

उजाडल्यावर पाण्यावर बोय आणि निवट्या पोट वर करून तरंगत होत्या. भरतीचं तेच पाणी मेहुलच्या कोळंबीच्या तळ्यात गेलं आणि त्याची सगळी कोळंबी मेली. मेहुलने पोलिसांत जाऊन सांगितलं की दादूनेच मासे मारायला खाडीत औषध टाकलं. दादूचं आणि त्याचं तळ्याच्या बांधावरून आधीपासून वाकडं आहे. पहाटे जाळं घेऊन तिथे दुसरं कुणी नव्हतंच, मग काय, सापडला चोर.

बांधाकडे जायचा रस्ता आमच्या वाडीतून जातो आणि फाटकाला कुलूप असतं. आज ते उघडं होतं. गड्याला चांगलं फैलावर घेतलं. तो शपथा घेऊन सांगतो की मी लावलं होतं. सगळे असंच सांगतात.

संध्याकाळी दादू आणि त्याची बायको काशीबाई ओटीवर आले. काशीबाई म्हणाली, "बाई, तुमी हुत्या ना थय? तुमी सांगाल ना पोलिसांना?" मी म्हटलं, सांगेन म्हणजे काय, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय! दादूला विचारलं, टँकरचा नंबर पाहिलास का. तो चपलेकडे बघत म्हणाला, "अंधार हुता, बाई." दादूला अंधारात पाण्याखालचा मासा कळतो. पण घाबरला असेल बिचारा.

५ फेब्रुवारी, बुधवार

वाचनालयाच्या वार्षिक अंकातल्या माझ्या 'शब्दांचं गोत्र' या सदराला यंदा विषय सुचत नव्हता. आता चालून आला. साक्षी! सोबत अक्षि, म्हणजे डोळा, असलेला तो साक्षी. जुने वैयाकरण आणखी नेमकं सांगतात, ज्याने साक्षात पाहिलं तो. ऐकीव गोष्टीला तिथे जागा नाही. ग्वाही फारसीतून आली. आणि साक्षीदार तर मोठा गमतीचा, धड संस्कृत आणि शेपूट फारसी. निवृत्त झाल्यापासून इतका मजेचा लेख लिहिला नव्हता. हवालदार आले की त्यांनाही ऐकवणार आहे. बायकांचा जबाब घरी येऊन घ्यावा लागतो म्हणे, त्यामुळे चहाबरोबर व्युत्पत्ती.

मुलाला, ललितला, वाचून दाखवला. एरवी माझे लेख सुरू झाले की याला फोन येतो. आज बसून ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे ज्याने डोळ्यांनी पाहिलं नाही तो साक्षीदारच नाही?" मी म्हटलं, शब्दाच्या मुळाप्रमाणे नाहीच. पोरगा पन्नाशीला आला तेव्हा कुठे व्याकरणात रस वाटायला लागला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ललितची माया इतकी उतू जातेय की मला संकोच होतो. बोईसरला त्याच्या टँकरच्या धंद्यातून त्याला जेवायला फुरसत नसते, पण आज काम सोडून मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. ते मला ठाऊकच होतं, मी टाळत होते. ललितनेच डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं, "उजेड नसताना हिला काय दिसत असेल? माणूस ओळखता येईल? गाडी ओळखता येईल?" डॉक्टर म्हणाले, आकार दिसेल, बाकी अवघड आहे. ललितने मान डोलावली.

येताना गाडीत म्हणाला, लगेच ऑपरेशन करून टाकू आणि नंतर दोन आठवडे सफाळ्याला हेमांगीच्या माहेरी राहा, इथे वाडीत धूळ आहे. मी म्हटलं, अरे, हवालदार येणार आहेत. तो म्हणाला, "या वयात तुला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावणार नाही मी." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वडील गेल्यापासून मुलगा जबाबदार झाला.

हेमांगीच्या हातून आज आमटीचं पातेलं सुटलं. माझी सून तशी नीटनेटकी, पण या आठवड्यात तिसऱ्यांदा असं झालंय. थायरॉइड तपासायला सांगितलं, तर माझ्याकडे बघत राहिली.

९ फेब्रुवारी, रविवार

दादूला ठाण्यावर दिवसभर बसवून ठेवलं. मारलं नाही म्हणतो. त्याच्या समाजाची बैठक झाली आणि ठरलं की निकाल लागेपर्यंत दादूने होडी काढायची नाही. खाडीत औषध टाकणारा माणूस त्यांच्यात फार खालचा मानतात, चोर परवडला म्हणतात. काशीबाई चिंचणीच्या बाजारात सुके बोंबील घेऊन बसली तर गिऱ्हाईक तिच्या टोपलीला वळसा घालून पुढे जायचं. जन्म गेला तिचा त्या जागेवर बसून. हेमांगी गेली आणि टोपलीतलं सगळं घेऊन आली. घरभर वास सुटलाय. ललित म्हणाला, "एवढं कशाला आणलंस?" ती म्हणाली, "खाणार आहोत. तूसुद्धा." आणि त्याच्या ताटात वाढलं.

नवराबायकोत काहीतरी बिनसलंय. मी मध्ये पडत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरचं बोलणं डोक्यातून जाईना. मी शब्दाला शब्द लावणारी बाई, उद्या शपथेवर 'पाहिलं' म्हणायचं तर नक्की काय पाहिलं? म्हणून आज त्याच वेळी मोटरघराशी उभी राहिले आणि हेमांगीला बांधावर पाठवलं. म्हटलं, गावातल्या कुणाची तरी नक्कल करत उभी राहा, मी ओळखते. मला एक काळपट ठिपका दिसला. तो हेमांगी होता की शेवग्याचं खोड, हेही सांगता आलं नसतं.

तेव्हा त्या दिवशीही मी पांढुरकं धूड पाहिलं, एवढंच. टँकर आहे हे आवाजावरून आणि वासावरून ठरवलं. म्हणजे माझ्याच लेखाप्रमाणे मी साक्षी ठरत नाही. डोळेच नाहीत तर साक्ष कसली!

खरं लिहायचं तर हे कळल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं, पण डोक्यावरून हंडा उतरल्यासारखं हलकं वाटलं. का, ते कळत नाही. ललितला सांगितलं तर त्याने भर स्वयंपाकघरात मला मिठी मारली. शाळेत असल्यापासून मारली नव्हती.

हेमांगी परत येताना एवढंच म्हणाली, "आई, मी बांधावरून हाक मारली होती. ती आली ना ऐकू?" मी म्हटलं, आली की, कान माझे तिखट आहेत. फळ्याकडे पाठ असली तरी मागच्या बाकावर कोण कुजबुजलं ते मला नावानिशी कळायचं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काशीबाईला बोलावून सांगितलं. सांगणं भागच होतं. म्हटलं, काशीबाई, मी पाहिलेलं नाही, मला दिसतच नाही, खोटं कसं बोलू?

ती पायरीवर बसली होती. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "पण तुमी हुत्या तर?"

"होते."

"मंग?"

मग मी, मराठीची निवृत्त शिक्षिका, तिला साक्षी शब्दाची फोड सांगायला लागले. अक्षि म्हणजे डोळा, इत्यादी. ती ऐकत होती. तिचा नवरा औषधाचे मासे विकणारा ठरतोय आणि मी तिला समास सोडवून दाखवतेय. मध्येच माझी मलाच लाज वाटली, पण सुरू केलेलं वाक्य पुरं केलं. शिक्षकांची ही खोड जात नाही.

ती उठली. "आमचा माणूस गप हाय, तो कोणासाठी, बाई? त्याला काय दिसला नाय?" तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "तुमच्या घरचं मीठ खाल्लाय आमी. तो नाय बोलायचा. पण तुमी तरी..." आणि वाक्य अर्धं टाकून गेली.

काय म्हणायचं होतं तिला कोण जाणे. दुःखात माणूस काहीही बोलतं. लेख पुरा झालाय, उद्या अंकाकडे पाठवते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लेख पाठवला नाही.

सकाळी हेमांगी ओल्या हातांनीच माझ्या खोलीत आली. लेखाचे कागद टेबलावर होते, तिने वाचले होते. म्हणाली, "आई, मग अग्नीचं काय?"

"कसला अग्नी?"

"आमचं लग्न अग्नीच्या साक्षीने लागलं. तुम्हीच तर भटजींना मंत्राचा अर्थ मोठ्याने सांगायला लावला होता. त्या अग्नीला कुठे डोळे होते? तो तिथे होता, एवढंच."

मी म्हटलं, ते लाक्षणिक आहे. हो, हाच शब्द वापरला मी. तिला हसू आलं, पण ते हसू बघवत नव्हतं. "आई, फाटकाची दुसरी किल्ली आपल्या खुंटीवरून गेली आहे. ती त्या दिवसापासून ललितच्या गाडीत आहे. मी रोज सकाळी बघते, परत लावली का. रोज वाटतं आज तो स्वतःहून लावेल आणि मला सांगेल."

मी म्हटलं, तू मला हे आधी का नाही सांगितलंस?

"तुम्ही रोज इतकं लिहिता. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

पुढे लिहवत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काल ललितशी बोलले. वाडीत, चिकूच्या ओळीत. घरात भिंतींनाही ऐकवायचं नव्हतं.

त्याने नाकारलं नाही. उलट इतके दिवस कुणी विचारत नव्हतं म्हणून अडकलेलं सगळं एका दमात बाहेर आलं. कारखान्याच्या माणसाने गळ घातली, माल ठरलेल्या जागी घेत नव्हते, टँकर रिकामा करायचाच होता, सगळेच टाकतात, पावसाळ्यात तर कुणी बघतही नाही. "एकदाच, आई. आणि मेहुलच्या तळ्यात जाईल हे मला काय माहीत?"

"आणि दादू?"

"दादूला मी चांगला वकील देतो. सुटेल तो, पुरावाच नाही काही. तू फक्त गप्प राहा. तू पाहिलं नाहीस, हे खरंच आहे ना? खोटं बोल असं मी म्हणतच नाही." मग खाली बसला, ढेकूळ फोडत राहिला. "मला आत टाकतील, आई. आपल्या पूर्वीचं लग्न ठरतंय. तिच्या सासरचे काय म्हणतील?"

पूर्वी माझी नात. पुण्याला असते. त्याच्या केसांवरून हात फिरवावा असं वाटलं, आणि फिरवलासुद्धा. लहानपणी वाडीत पडून गुडघा फोडला की असाच बसायचा. त्याला वाटलं मी कबूल झाले. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

रात्र तळमळत काढली. शब्द पाठ सोडत नाहीत, हा माझा जुना रोग. साक्षीदारच्या शेपटाला जो दार आहे तोच जबाबदारच्या शेपटाला आहे. दार म्हणजे बाळगणारा. जबाब म्हणजे तर नुसतं उत्तर. पोलीस जो घ्यायला येतात तो जबाब, आणि जो तो बाळगून बसतो तो जबाबदार. आठ दिवसांपूर्वी याच वहीत मी ललितला जबाबदार म्हटलं होतं. तेव्हा बाळगून तर मी बसले होते.

दादूने नंबर पाहिला होता. नंबर कशाला, त्याने टँकर ओळखला होता. रोज आमच्या दारात उभा असतो तो. आणि हा माणूस ठाण्यात दिवसभर बसून, समाजात मान खाली घालून, होडी काठाला लावून, एक शब्द बोलला नाही. त्याची साक्ष तो गिळून बसला माझ्यासाठी, आणि मी माझी गिळायला व्युत्पत्तीचा आधार शोधला. शी!

१७ फेब्रुवारी, सोमवार

हवालदार दुपारी आले. सोबत महिला पोलीस होती. ललित घरीच थांबला होता. हेमांगीने चहा केला आणि दाराशी उभी राहिली.

हवालदार जळगावकडचे, अदबीने बोलणारे. म्हणाले, "ताई, तुम्ही घटना प्रत्यक्ष पाहिली का?"

"नाही. मला मोतीबिंदू आहे. अंधारात मला दिसत नाही."

ललितने श्वास सोडला, तो मला ऐकू आला. हवालदारांनी लिहिलं आणि कागद घडी करायला घेतला. मी म्हटलं, "थांबा. पाहिलं का एवढंच विचारलंत. मी तिथे होते."

मग सगळं सांगितलं. वास, टँकरचा आवाज, पाण्यात पडणारी धार, त्यानंतर दादूची हाक. म्हटलं, टँकर आधी आला आणि दादू नंतर ओरडला, हे नीट लिहा, कारण ओरडणारा माणूस टाकणारा नव्हता. त्यांनी लिहिलं. मग 'कुंपणाला लावू नको' हे शब्द सांगितले. तेही लिहिले. आणि रिवाजाप्रमाणे जबाब वाचून दाखवला. वाचता वाचता आलं, "सदर वेळी एका अनोळखी इसमाने ड्रायव्हरला उद्देशून..."

मी म्हटलं, "अनोळखी खोडा."

"म्हणजे?"

"तो शब्द मी बोललेले नाही. तुम्ही तुमच्या मनाने घातलात."

"ताई, अंधारात दिसत नव्हतं म्हणालात. मग ओळख कशी पटली?"

"आवाज ओळखीचा होता."

खोलीत पंखा चालू होता. महिला पोलीस आधी माझ्याकडे बघत होती, ती आता ललितकडे बघायला लागली. ललित जागचा उठला नाही. मला वाटलं होतं माझा आवाज फुटेल, पण वर्गात हजेरी घेताना निघायचा तसा सरळ निघाला. नाव सांगितलं, आडनावासकट. हवालदारांचं पेन थांबलं. हळूच म्हणाले, "आपलं आणि त्यांचं नातं?"

"आई."

"म्हणजे ते आपले..."

"तो मुलगा. मी आई. लिहा."

सही करताना अक्षर वाकडं आलं. दिसत नव्हतं, आणि या वेळी त्याला मोतीबिंदू कारण नव्हता. ललितला त्यांनी आज नेलं नाही. उद्या सकाळी ठाण्यावर बोलावलंय. वकिलाला त्याने फोन केला. मेहुलला कळलंच असणार, कारण संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळलं. हेमांगी मागच्या दाराने मांगेलआळीत गेली होती. म्हणाली, दादू रडत होता, 'बाईंनी असा कशाला केला' म्हणत होता. काशीबाईने त्याला गप्प केलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ललित सकाळी निघाला. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, मुलाखतीला निघाल्यासारखा. हेमांगी त्याच्याबरोबर गेली. मला वाटलं होतं ती त्याला सोडून जाईल. तिने त्याचा डबा भरून घेतला होता.

जायच्या आधी तो माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर थांबला. आत आला नाही. काल रात्रीपासून माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. मी वाट पाहत होते, शिव्या देईल, रडेल, काहीतरी विचारेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. दादूची, काशीबाईची, खाडीची. सगळी चांगली उत्तरं होती.

तो म्हणाला, "आई, तो आवाज माझा आहे हे तुला कधी कळलं? किल्लीचं कळल्यावर?"

आता हो म्हटलं असतं तर चाललं असतं. ही वही वाचणाराही तेच म्हणेल. पहिल्या दिवसापासून मी इथे 'कुणीतरी' लिहिलंय, सज्जन माणूस लिहिलंय, गड्याला शिव्या दिल्याचं लिहिलंय.

मी म्हटलं, "नाही रे. त्याच वेळी."

त्याने मान हलवली, चप्पल घातली आणि गेला.